प्रश्नार्थक शब्दांची जागा

भाषाविज्ञान शिकविणाऱ्याला ‘जन्मभाषकाचे सहजज्ञान’ हा शब्दप्रयोग इतक्या वेळा वापरावा लागतो की, तो वापरताना आपण नेमके काय गृहीत धरीत आहोत याचे भान राहत नाही. माझेही तसेच झाले होते. चॉम्स्कीप्रणीत व्याकरणविचार पदव्युत्तर वर्गाला शिकविताना मी हा शब्द वर्षानुवर्षे उच्चारला, परीक्षेत त्यावर टिपा लिहावयास सांगितल्या आणि त्या तपासल्याही. त्याचा अर्थ मला उमगला तो मात्र पुस्तकातून नव्हे, तर एका उत्तरपत्रिकेवरील लाल फुलीमुळे आणि रस्त्यावरून गेलेल्या एका फेरीवाल्यामुळे. दोन्ही प्रसंग प्रश्नार्थक शब्दांचे आहेत, आणि त्यांच्यामध्ये बारा वर्षांचे अंतर आहे.

१९८४ साली मी मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवीत होतो. मराठीच्या विभागात मी नंतर आलो. सहामाही परीक्षेत मित्राशी क्रिकेटच्या सामन्याविषयी होणारा संवाद लिहावयाचा होता. एका मुलीने लिहिले होते : ‘व्हॉट डू यू थिंक हू विल विन?’ मी त्यावर फुली मारली, गुण कापला, आणि एवढ्यावर न थांबता ते वाक्य वर्गात मोठ्याने वाचून दाखविले. वर्ग हसला. फळ्यावर मी शुद्ध वाक्य लिहिले, ‘हू डू यू थिंक विल विन?’ ती मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “सर, पण ‘हू’ला एवढं पुढं का न्यायचं? जिंकणारा तर माघारी आहे.” मी उत्तर दिले, “इंग्रजीत तसंच असतं.” ती खाली बसली.

तिचा प्रश्न बिनतोड होता, हे त्या वेळी मला कळले नाही. कळण्याचे कारणही नव्हते. आमच्या पिढीने प्रश्नार्थक शब्द शिकले ते कोष्टकाच्या रूपाने. तर्खडकरांच्या भाषांतरमालेपासून शालेय क्रमिक पुस्तकांपर्यंत सर्वत्र तेच कोष्टक : हू म्हणजे कोण, व्हॉट म्हणजे काय, व्हेअर म्हणजे कुठे, व्हेन म्हणजे केव्हा. कोष्टक खोटे नाही. उलट ते आमच्या शिक्षकांना वाटत होते त्याहून अधिक खरे आहे. संस्कृतातील ‘कः, किम्, कदा, कुत्र’ यांचा ककार, लॅटिनमधील ‘क्विस, क्विड, क्वान्डो’ यांचा ‘क्व’ आणि प्राचीन इंग्रजीतील ‘ह्वा, ह्वॅट’ यांचा ‘ह्व’ ही एकाच मूळ ध्वनीची रूपे आहेत. ‘व्हाय’ हे तर ‘व्हॉट’चेच तृतीयेसारखे रूप, म्हणजे आपल्या ‘कशाने’चा भाऊ. ‘हाऊ’ लिहिताना त्यात ‘डब्ल्यू’ पुढे नसून मागे असतो, म्हणून तो कुटुंबाबाहेरचा दिसतो. वस्तुतः तोही त्याच मुळातून आला, फक्त पुढील ‘ऊ’ स्वरामुळे त्याच्या आरंभीचा वकार फार लवकर गळाला. इंग्रज मुलाला हा इतिहास कोणी सांगत नाही. तरीही तो ‘हाऊ’ला परका मानीत नाही, ‘व्हेन’ आणि ‘व्हेअर’ यांच्याच पंगतीला बसवितो.

परंतु कोष्टकाने शब्द कळतात, त्यांची जागा कळत नाही. याचा प्रत्यय मला १९९६ साली आला. वारकरी संप्रदायाच्या अभ्यासासाठी इंग्लंडमधून आलेल्या एका संशोधक बाईंना मराठी शिकविण्याचे काम त्या वर्षी माझ्याकडे आले. आठवड्यातून तीन दिवस त्या पुण्याला आमच्या घरी येत. व्याकरण त्यांना चांगले येत होते. संतसाहित्याचे वाचनही होते. बोलताना मात्र अडत. एके दिवशी शेजारचे एक वृद्ध गृहस्थ व्हरांड्यात आले. बाईंनी उत्साहाने त्यांचे स्वागत केले : “तुम्ही का आलात?” गृहस्थांचा चेहरा पडला. “सहज... मग येतो,” असे म्हणून ते परत फिरू लागले. बाईंना म्हणावयाचे होते, “तुम्ही आलात का?” ‘का’ हा प्रश्नचिन्हासारखा शब्द आहे एवढे त्या शिकल्या होत्या, आणि प्रश्नाचा शब्द पुढे घ्यावयाचा ही त्यांच्या मातृभाषेची सवय.

मी गृहस्थांची समजूत घातली. बाईंची समजूत घालणे अधिक कठीण गेले. त्यांनी नियम विचारला. मला तो माहीत नव्हता. म्हणजे, तो मी जन्मभर पाळीत आलो होतो, पण कधी शब्दांत मांडला नव्हता. क्रियापदाच्या आधी आलेला ‘का’ कारण विचारतो, आणि क्रियापदानंतर आलेला ‘का’ केवळ होय-नाही विचारतो. एवढे एक वाक्य तयार करण्यासाठी मला दोन दिवस कागदावर वाक्ये लिहीत बसावे लागले. चाळीस वर्षे ज्या भाषेत मी वाढलो, जिच्या साहित्याचा मी प्राध्यापक, तिच्यातील एका अक्षराच्या शब्दाविषयी मी अडाणी होतो. आणि तरी माझ्या तोंडून तो शब्द चुकीच्या जागी एकदाही पडला नव्हता. सहजज्ञान म्हणतात ते हेच असावे, अशी शंका मला प्रथम तेव्हा आली.

मग मी फिरून बाईंची परीक्षा घ्यावयाचे ठरविले. कार्डांवर इंग्रजी वाक्ये लिहिली आणि त्यांना सांगितले, “विचार करू नका. बरोबर वाटेल तिथे खूण करा, नसेल तिथे फुली.” आरंभी मी ‘हू डिड यू सी?’ आणि ‘हूम डिड यू सी?’ ही जोडी ठेवली होती. माझ्या दृष्टीने हे सर्वांत सोपे कार्ड. कर्म असेल तर ‘हूम’, हा नियम मी झोपेतही सांगितला असता. बाई थबकल्या. त्यांनी खूण केली, खोडली, पुन्हा केली. मग म्हणाल्या, “शाळेत दुसरं बरोबर म्हणून शिकवलं. पण मी तसं बोलत नाही.”

मला हा धक्काच होता. पुढे एडवर्ड सपीर यांचा १९२१ सालचा ‘लँग्वेज’ हा ग्रंथ पुन्हा काढून वाचला, तेव्हा कळले की, भाषेच्या ओघाविषयीच्या प्रकरणात त्यांनी याच वाक्याची चिकित्सा पानेच्या पाने केली आहे. ‘व्हेन’, ‘व्हेअर’, ‘हाऊ’ हे शब्द रूप बदलीत नाहीत, ‘व्हॉट’ आणि ‘व्हिच’ही बदलीत नाहीत, मग त्यांच्यात वावरणाऱ्या ‘हू’ने एकट्याने विभक्ती का सांभाळावी? त्यातच प्रश्नार्थक शब्द वाक्याच्या आरंभी येतो, आणि आरंभीची जागा इंग्रजी कानाला कर्त्याची वाटते. शिवाय ‘हूम डिड’ हा उच्चारही जिभेला जड. दोनशे वर्षांत मोठमोठे विद्वानही ‘हूम डिड यू सी’ म्हणेनासे होतील, असे भाकीत सपीरने केले आहे. त्याला शंभर वर्षे होऊन गेली, आणि बोलण्यातून हे रूप बहुतांशी गेलेच आहे. लेखनात, विशेषतः ‘टु हूम’सारख्या शब्दयोगी रचनेत, ते तग धरून आहे. म्हणजे ‘हूम’च्या बाबतीत ती इंग्रज बाई आणि मी एकाच बाकावर बसलेले होतो. दोघांनाही ते शाळेने शिकविले होते. फरक इतकाच की, मला तो नियम ठाऊक असल्याचा अभिमान होता, आणि त्यांना थोडी लाज.

पुढील कार्डांवर मात्र चित्र पालटले. ‘हू डू यू थिंक विल कम?’ खूण. ‘हू डू यू थिंक दॅट विल कम?’ ताबडतोब फुली. मी म्हणालो, “मधला ‘दॅट’ तर ऐच्छिक असतो.” “असतो,” बाई म्हणाल्या, “पण इथे नाही.” कारण विचारले तर खांदे उडविले. ‘हू डू यू थिंक दॅट शी विल मीट?’ हे वाक्य त्यांनी चालू दिले. कर्त्याविषयी प्रश्न असेल तर ‘दॅट’ नको, कर्माविषयी असेल तर चालेल, हा भेद मी वाचलेल्या कोणत्याही शालेय व्याकरणात नव्हता, बाईंना कोणी शिकविलेला नव्हता, आणि तरीही निवाडा करताना त्यांना क्षणही लागला नाही.

त्याहून नवलाचे कार्ड पुढे होते. इंग्रजी बोलण्यात ‘वॉन्ट टु’चे ‘वाना’ होते, हे सर्वांना ठाऊक आहे. मी दोन वाक्ये मोठ्याने भराभर म्हणावयास सांगितली : ‘हू डू यू वॉन्ट टु मीट?’ म्हणजे, तुला कोणाला भेटायचे आहे. आणि ‘हू डू यू वॉन्ट टु सिंग?’ म्हणजे, कोणी गावे असे तुला वाटते. पहिल्या वाक्यात त्यांच्या तोंडून सहज ‘वाना’ आले. दुसऱ्यात पाचही वेळा स्वच्छ ‘वॉन्ट टु’ आले. मी ते लक्षात आणून दिले, तेव्हा बाई स्वतःच्याच जिभेवर आश्चर्य करू लागल्या. याचे जे स्पष्टीकरण व्याकरणकारांनी दिले आहे, ते मला आजही विलक्षण वाटते. दुसऱ्या वाक्यात गाणाऱ्या व्यक्तीची मूळ जागा ‘वॉन्ट’ आणि ‘टु’ यांच्या मध्ये आहे. ‘हू’ तेथून उठून वाक्याच्या आरंभी गेला. पण त्याची रिकामी जागा तशीच राहिली, आणि त्या रिकाम्या जागेवरून उडी मारून दोन शब्दांचा संधी करावयास जीभ धजत नाही. सर्वच इंग्रजी भाषक हा निवाडा करतात असे नाही. काही जण दोन्हीकडे ‘वाना’ म्हणतात. परंतु जे करतात, त्यांना ही न उच्चारलेली जागा ऐकू येते असेच म्हणावे लागते. आमच्या कोष्टकात तिला घर नव्हते.

‘व्हॉट बुक’ आणि ‘व्हिच बुक’ यांतील भेद बाईंनी एका वाक्यात सांगितला : दुसऱ्यात पुस्तके समोर मांडलेली असतात. ‘हू बॉट व्हॉट?’ चालते, ‘व्हॉट डिड हू बाय?’ चालत नाही, हेही त्यांनी न अडखळता सांगितले. आपल्याकडे ‘कोणी काय घेतले’ आणि ‘काय कोणी घेतले’ ही दोन्ही वाक्ये बिनतक्रार नांदतात.

कार्डांचा हा उद्योग चालू असतानाच एक फेरीवाला आरोळी देत रस्त्याने गेला. आरोळी अस्पष्ट होती. स्वयंपाकघरातून आईने विचारले, “काय विकणारा गेला रे तो?” मी उत्तर दिले, “कळलं नाही.” बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. “सर, आई आता काय म्हणाल्या ते पुन्हा सांगा.” मी सांगितले. त्या कागदावर इंग्रजी शब्द पुढे-मागे करीत राहिल्या, आणि शेवटी म्हणाल्या, “हा प्रश्न इंग्रजीत विचारता येत नाही.”

मला ते खरे वाटेना. मी कोष्टकाच्या आधारे वाक्य केले : ‘व्हॉट डिड द मॅन हू सेल्स गो?’ बाई हसल्या. बारा वर्षांपूर्वी माझा वर्ग हसला होता तशाच. ‘अ मॅन सेलिंग व्हॉट वेन्ट बाय?’ असे म्हटले तर? तेव्हा त्या म्हणाल्या की, हे वाक्य आधी कोणी काही सांगितले आणि ते नीट ऐकू आले नाही, किंवा ऐकून नवल वाटले, तर उलट विचारण्याचे आहे. सरळ विचारावयाचे झाल्यास दोन वाक्ये करावी लागतील : एक माणूस काही विकीत गेला; तो काय विकीत होता?

१९६७ साली एम.आय.टी.ला सादर केलेल्या प्रबंधात जॉन रॉबर्ट रॉस यांनी अशा रचनांना ‘बेटे’ म्हटले आहे. विशेषणासारखे जोडलेले उपवाक्य हे एक बेट. त्यात अडकलेला प्रश्नार्थक शब्द किनारा ओलांडून वाक्याच्या आरंभी येऊ शकत नाही. इंग्रजीत प्रश्नार्थक शब्दाला आरंभी यावे लागते, म्हणून बेटावरचा प्रश्न विचारलाच जात नाही. मराठीत शब्दाला कोठे जावयाचेच नसते. तो असतो तेथेच बसून प्रश्न विचारतो. म्हणून माझ्या आईला, जिचे शिक्षण मराठी चौथीपर्यंत झाले होते, स्वयंपाकघरातून असा प्रश्न टाकता आला, जो एका विद्यापीठीय संशोधिकेला स्वतःच्या भाषेत टाकता येत नव्हता. याचा अर्थ मराठी मोकाट आहे असा नव्हे. ‘जो काय विकतो तो माणूस गेला?’ असे आई कधी म्हणाली नसती. आपलीही बेटे आहेत. ती कोठे आहेत हे आपल्याला पाय न भिजताच ठाऊक असते.

असाच एक उणा-अधिक हिशेब संख्येचाही आहे, तो येथेच नोंदवितो. ‘लिंकन हे अमेरिकेचे कितवे अध्यक्ष?’ हा आपल्याकडील शाळकरी प्रश्न. उत्तर सोळावे. इंग्रजीत उत्तर आहे, पण प्रश्न नाही. बाईंनी अनुक्रमांक विचारणारी तीन-चार वाक्ये सुचविली आणि प्रत्येकावर स्वतःच नाक मुरडले. गंमत अशी की, लॅटिनमध्ये ‘कितवा’ या अर्थाचा ‘क्वोटुस’ हा शब्द होता. इंग्रजीने त्यातून निपजलेला ‘कोटा’ हा शब्द घेतला, म्हणजे कितवा वाटा हे मोजणारा शब्द घेतला. विचारणारा घेतला नाही. ज्या भाषेत शब्दच नाही, तिच्या भाषकाला त्याची उणीव जाणवते का? बाई म्हणाल्या, मराठी शिकेपर्यंत कधीच जाणवली नव्हती, आणि आता रोज जाणवते.

त्या रात्री मला १९८४ सालचे ते वाक्य आठवले. ‘व्हॉट डू यू थिंक हू विल विन?’ आता मी ते दोन्ही बाजूंनी पाहू शकत होतो. मराठीत आपण ‘तुला वाटते की कोण जिंकेल?’ असे म्हणत नाही. ते कानाला अपुरे लागते. आपण म्हणतो, ‘तुला काय वाटते, कोण जिंकेल?’ येथील ‘काय’ स्वतः काहीच विचारीत नाही. पुढे आत कोठेतरी खरा प्रश्न आहे, एवढी वर्दी तो देतो. आणि ‘कोण’ आपल्या जागी बसून राहतो. त्या मुलीने हीच व्यवस्था इंग्रजी शब्दांत मांडली होती. जर्मन भाषेत तर ‘वास ग्लाउब्स्ट डू, वेर कोम्ट?’ हे सर्वमान्य वाक्य आहे, आणि त्याचे शब्दशः इंग्रजी केले तर घाट माझ्या विद्यार्थिनीच्याच वाक्याचा येतो. पुढे रोझलिंड थॉर्न्टन यांच्या १९९० सालच्या प्रबंधातील निरीक्षणे वाचनात आली. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे अशी तीन-चार वर्षांची काही मुले लांब प्रश्न विचारताना प्रश्नार्थक शब्द आरंभी उच्चारून मध्ये पुन्हा उच्चारतात, ‘हू डू यू थिंक हू...’ अशा धर्तीवर. मोठ्यांच्या बोलण्यात असे वाक्य ती कधी ऐकत नाहीत. काही काळाने ही सवय आपोआप सुटते. म्हणजे इंग्रज मूलही इंग्रजीच्या घाटावर येण्यापूर्वी, मी जिथे फुली मारली होती त्याच वाटेने थोडे चालून येते.

मी हे सर्व सांगतो आहे, ते त्या वाक्याला शुद्ध ठरविण्यासाठी नव्हे. इंग्रजीत ते अशुद्धच आहे. बाईंना दाखविले असते तर त्यांनीही फुलीच मारली असती. परंतु त्यांची फुली आणि माझी फुली यांत भेद आहे. त्यांची फुली न शिकता आलेल्या ज्ञानातून आली असती. माझी ‘हूम’च्या जातीची होती, पाठ केलेली, आणि पाठ केलेले ज्ञान ज्याच्याजवळ असते तो अधिक मोठ्याने हसतो, असा माझा स्वतःविषयीचा अनुभव आहे. त्या मुलीने विचारलेल्या प्रश्नाला, ‘हू’ला पुढे का न्यावयाचे या प्रश्नाला, दोनच प्रामाणिक उत्तरे होती : “मला माहीत नाही,” किंवा “मराठी नेत नाही, इंग्रजी नेते, दोन्ही प्रकारच्या भाषा जगात आहेत.” यांपैकी पहिले उत्तर तरी मला १९८४ साली देता आले असते.

२०११ साली एका उजळणी वर्गात व्याख्यानासाठी गेलो असता चहाच्या वेळी एक बाई नमस्कार करून पुढे आल्या. तीच विद्यार्थिनी. आता त्या स्वतः कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवीत होत्या. मी त्यांना ते वाक्य सांगितले, फुली सांगितली, आणि वर्गात वाचून दाखविल्याबद्दल दिलगिरीही व्यक्त केली. त्यांना काहीच आठवत नव्हते. त्या संकोचून म्हणाल्या, “सर, एवढं काय त्यात?” मी विचारले, “तुमच्या मुलांच्या पेपरात आता हे वाक्य येतं का?”

“दरवर्षी येतं,” त्या म्हणाल्या.

“मग काय करता?”

“गुण कापते, सर. उत्तरसूचीत ते बसत नाही.” आणि थोडे थांबून त्यांनी विचारले, “पण ते पुढं का न्यायचं, ते तुम्हाला कळलं का पुढं?”

मी त्यांना फेरीवाल्याची गोष्ट सांगू लागलो, तोच पुढील सत्राची घंटा झाली.